भिंगरी ओढते झकास, पण थांबते का?

पत्र

ताई, मी २४ वर्षांची आहे. भिंगरी ही आमची अडीच वर्षांची कुत्री, वजन २२ किलो, पळायचं नाव काढलं की अंगात आल्यासारखी करते. चार महिन्यांपासून मी तिला हार्नेस घालून सायकलला जुंपते आणि जंगलातल्या कच्च्या वाटेवर जाते. दोरी हँडलला बांधते. दोन महिन्यांनी साडेचार किलोमीटरची एक स्पर्धा आहे. सायकल, स्कूटर आणि व्हीलचेअर असे तीन गट आहेत. माझा दादा व्हीलचेअर वापरतो, त्यालाही उतरायचंय. माझी फेरी झाली की अर्ध्या तासाने तो भिंगरीलाच घेऊन जाणार, असं आमचं ठरलंय. पण मागच्या रविवारी मी उतारावर पडले. भिंगरीने वळून मागे पाहिलं आणि पुढच्या क्षणी मी हँडलवरून पलीकडे. माझं मनगट मुरगळलं. तिला काही लागलं नाही, पण आता सायकल दिसली की ती कान पाडते. आई म्हणते हे थेर बंद करा. दादा म्हणतो, एकदा पडलीस तर एवढं काय! कुणाचं ऐकू?

उत्तर

तू का पडलीस ते तुझ्या पत्रातच आहे, फक्त दोन लांबलांबच्या वाक्यांत. दोरी हँडलला बांधतेस, हे एक. भिंगरीने वळून पाहिलं, हे दुसरं. यांच्या मधे जे झालं ते तुला दिसलं नाही, कारण तुझी नजर तिच्यावर होती आणि गोष्ट तुझ्या पुढच्या चाकापाशी घडत होती. उताराला सायकल आपसूक वेग घेते. भिंगरी जरा थबकली, तू थबकली नाहीस. दोघींमधली ताणलेली दोरी सैल पडली, लोंबली आणि चाकावर आली. फिरत्या टायरने ती आत ओढली, चाक जागच्या जागी जाम झालं आणि सायकलने तुला पुढे भिरकावून दिलं. नवशिक्यांचं पडणं बहुतेक वेळा असंच असतं. मीही पहिल्यांदा अशीच पडले होते, आणि मीसुद्धा कित्येक दिवस वाटेवरच्या एका बिचाऱ्या मुळाला दोष देत होते.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की धोका कुत्र्याच्या ओढण्यात आहे. तुझ्या आईलाही तेच वाटत असणार. पण कुत्रं ओढत असतं तोवर बऱ्यापैकी सगळं ठीक असतं. दोरी ताठ, सायकल सरळ, कुत्रं पुढे. घात होतो तो ओढ संपते त्या क्षणाला. म्हणून दोरी ताठ ठेवणं हे भिंगरीचं काम आहे असं समजू नकोस. ते तुझं काम आहे आणि ते पायाने नाही, ब्रेकने करायचं असतं. चढाला आणि सपाटीवर पॅडल मारून तिचा भार हलका कर. उतार लागायच्या आधीच पॅडल थांबव आणि मागचा ब्रेक हलकेच लावून धर. तिला किंचित ओढावंच लागेल इतपत. पुढचा ब्रेक थांबवतो जास्त जोरात, पण भुसभुशीत मातीत तो कचकन दाबला तर पुढचं चाक घसरतं, म्हणून वेग आवरायला मागचा आणि खरंच थांबायचं असेल तेव्हा दोन्ही. फेरीभर प्रत्येक हाताचं एक बोट ब्रेकवर असलंच पाहिजे. या खेळाला बाइकजोरिंग म्हणतात, त्यातलं ‘जोरिंग’ हे हाकणे अशा अर्थाच्या नॉर्वेजियन शब्दावरून आलंय. मला तो शब्द आवडतो, कारण सायकलवर बसलेला माणूस गाडीवान आहे, उतारू नाही, हे त्यातच सांगितलेलं आहे.

आता हँडल. दोरी तिथून आजच सोड. हँडलला बांधलेली दोरी म्हणजे सायकलचा लगाम भिंगरीच्या हातात. तिला डावीकडे खार दिसली की तुझं हँडलही डावीकडे. दोरी बांधायची ती हँडलच्या खाली, फ्रेमचा जो पुढचा उभा नळा असतो त्याला. ओढ बरोबर मधोमध येते आणि हँडल तुझ्या ताब्यात राहतं. त्याच नळ्यावर एक वाकडी, ताठ दांडी बसवतात, तिला अँटेना म्हणतात. दोरी तिच्या टोकाच्या कडीतून पुढे जाते. अँटेनावर ओझं काहीच नसतं. दोरी सैल पडली तरी ती चाकाच्या वर आणि पुढे धरून ठेवायची, एवढंच तिचं काम. इतकी साधी वस्तू, पण रविवारी ती असती तर तू मला पत्र लिहिलं नसतंस. तरीही अँटेना आहे म्हणून निर्धास्त होऊ नकोस. दोरी फार ढिली पडली की तिच्याही हातून निसटते.

दोरीला थोडा भाग ताणला जाणारा हवा, त्याला बंजी म्हणतात. कुत्र्याने झेप घेतली की झटका तिच्या पाठीला आणि तुझ्या सायकलला न बसता त्या ताणात जिरतो. लांबी साधारण दोन ते अडीच मीटर. आखूड असेल तर चाक तिच्या मागच्या पायांना लागेल, फार लांब असेल तर वळणावर ती झाडाच्या एका बाजूने आणि तू दुसऱ्या. दोरी मनगटाला, कमरेला किंवा खांद्याला कधीही बांधायची नाही. पायी धावताना कमरपट्ट्याला बांधतात, ती गोष्ट वेगळी, तिथे तुझे पाय जमिनीवर असतात.

हार्नेस कुठला आहे ते तू लिहिलं नाहीस. फिरायला नेताना कुत्र्याने ओढू नये म्हणून समोर छातीवर कडी असलेले हार्नेस मिळतात, तसला असेल तर तो बाजूला ठेव. ओढण्याचा हार्नेस वेगळा शिवलेला असतो. भार गळ्यावर न येता छातीच्या हाडावर येतो, खांदे मोकळे राहतात आणि दोरी पाठीच्या मागच्या बाजूला अडकवतात. घालून झाल्यावर पट्ट्याखाली दोन बोटं सपाट सरकली पाहिजेत. मग दोरी ताणून धर आणि ऐक. घशातून घरघर येत असेल तर हार्नेस वर सरकतोय. फेरीनंतर तिच्या काखेत हात घालून बघ, तिथले केस विरळ झालेले किंवा कातडी गरम लागली तर पट्टा घासतोय. नुसत्या गळपट्ट्याला दोरी लावून कुणी कुत्रं पळवताना दिसलं तर माझ्या वतीने त्याच्याशी भांड.

सायकल कुठली आहे? मी तिच्या गिअरबद्दल विचारत नाहीये. ब्रेक कसले आहेत ते बघ. ताज्या दमाचं कुत्रं सुरुवातीच्या पाचशे मीटरमध्ये ताशी ३० किलोमीटरच्या आसपास सहज नेतं. म्हणजे सेकंदाला आठ मीटरहून जास्त. तुझ्या डोक्यात ‘अरे’ येईपर्यंत तू एक ट्रक ओलांडलेला असतेस इतकं अंतर जातं. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर साधारण चौपट होतं. रिमवर रबर घासणारे जुने ब्रेक चिखलात भिजले की नुसते आवाज करतात. डिस्क ब्रेक हवेत, शक्यतो तेलावर चालणारे. हेल्मेट, बोटं झाकणारे हातमोजे आणि चष्मा हे तू वापरत असशीलच असं धरून चालते. चष्मा कशाला असं लोक विचारतात. पुढे पळणाऱ्या कुत्र्याचे मागचे पाय वाटेवरचे खडे बरोबर तुझ्या तोंडाच्या उंचीवर उडवतात, म्हणून.

आणि माझं ऐकशील तर भिंगरीला पुन्हा जुंपशील तेव्हा पहिले तीन आठवडे सायकल न घेता स्कूटर घे. आपल्याकडे स्कूटर म्हटलं की पेट्रोलची गाडी डोळ्यांपुढे येते. ती नव्हे गं! सायकलसारखी मोठी हवेची चाकं, मधे पाय ठेवायची बुटकी फळी, एका पायाने ढकलत जायचं, ती. तिच्यावर उभं राहिलं की पाय जमिनीपासून वीतभरावर असतात. बिघडतंय असं वाटलं की नुसतं उतरायचं. सायकलवरून उतरणं आणि सायकलवरून पडणं यांत वेळच नसतो. स्कूटर हळू जाते, चढाला तुलाच दमवते आणि याच कारणाने ती शिकायला चांगली. दोरी बांधायचे नियम तेच. एक मात्र सांभाळ. स्कूटर आडवी पडून कुत्र्यामागे घसटत गेली तर कुत्रं तिच्यापासून पळायला बघतं, आणि ते जितकं जोरात पळेल तितक्या जोरात ती खडखडत मागे येते. असं एकदा झालेलं कुत्रं महिनोनमहिने चाकाजवळ फिरकत नाही. म्हणून पडलीस तरी हँडल सोडू नकोस, स्कूटरवर अंग टाक, तिचं वजन वाढव. खरचटेल. चालेल.

यावरून भिंगरीच्या पाडलेल्या कानांकडे येते. तुझं मनगट बरं होईल, तिची भीती मात्र चुकीच्या पद्धतीने हाताळलीस तर कायमची बसेल. रविवारी तिच्या दृष्टीने काय झालं असेल? मागून अचानक झटका, मोठा आवाज, तुझी किंकाळी. आता सायकल अंगणात आडवी ठेव, आजूबाजूला तिच्या आवडीचं खाणं टाक आणि तू तिथेच काहीतरी वाचत बस. तिने चाकाचा वास घेतला की झालं त्या दिवसाचं काम. मग सायकल उभी. मग तू हाताने ढकलत चाललीयेस आणि ती शेजारी मोकळी. मग हार्नेस, पण दोरी नाही. दोरी शेवटी. तिने स्वतःहून पुढे होऊन ओढ घेतली की समजायचं, गाडी रुळावर आली. दोन महिन्यांतले तीन आठवडे यात गेले तर जाऊ देत.

हे चालू असताना शब्द पक्के कर, आणि ते पायी चालताना कर. स्लेड, म्हणजे कुत्र्यांनी ओढायची बर्फावरची गाडी, हाकणारे ‘जी’ म्हणजे उजवीकडे आणि ‘हॉ’ म्हणजे डावीकडे असं ओरडतात. आपली पंचाईत अशी की घरात आपण दिवसातून शंभर वेळा ‘हो’ म्हणतो, आणि कुत्र्याला ‘हो’ आणि ‘हॉ’ यांतला फरक कळावा ही अपेक्षा फारच झाली. ‘डावीकडे’ आणि ‘उजवीकडे’ हेही वाऱ्यात कामाचे नाहीत, दोन्हींचं शेपूट एकच. कुठलेही दोन आखूड, एकमेकांशी न जुळणारे आवाज घे. आमच्याकडे ‘डाव’ आणि ‘झुईं’ चालायचं. लोक हसायचे, कुत्रा वळायचा. थांबण्याचा शब्द घरात वापरून झिजलेला नको. ‘थांब, थांब गं, आले’ हे तिने इतकं ऐकलंय की त्याचा अर्थ तिच्या लेखी ‘काही विशेष नाही’ असा झाला असेल. नवा शब्द घे आणि तो उच्चारला की दर वेळी खरंच थांबा, तू ब्रेक लावून आणि ती तुझ्याबरोबर.

दुसरा महत्त्वाचा शब्द ‘पुढे बघून चल’ या अर्थाचा. खार, माणूस, दुसरं कुत्रं, पडलेली पोळी, काहीही असो, नजर वाटेवर. आणि तिसरी गोष्ट शब्दापेक्षा सवयीची. तू उभी असताना तिने पुढे जाऊन दोरी ताठ करून शांत उभं राहायचं. वळून तुझ्याकडे यायचं नाही. हे ज्या कुत्र्याला येतं त्याच्या दोरीचा गुंता होत नाही. भिंगरी उतारावर वळून बघते, म्हणजे हे तिला अजून आलेलं नाही. चार महिने तू तिला पळवलंस, उभं राहायला शिकवलं नाहीस. तीस सेकंद ताठ दोरीत शांत उभी राहिली की मगच निघायचं, असा नियम कर. स्पर्धेच्या सुरुवातीच्या रेषेवर, आजूबाजूला भुंकाभुंक चाललेली असताना, याचं मोल कळेल.

आता उष्णता. दादाच्या बेताचं उत्तर याच्यातच आहे. आपल्याला अंगभर घाम येतो. कुत्र्याला घामाच्या ग्रंथी जवळजवळ तळव्यांपुरत्याच. बाकी सगळी गरमी जिभेवाटे आणि श्वासावाटे बाहेर टाकायची. पळणारं कुत्रं भट्टीसारखं उष्णता तयार करतं आणि तिला बाहेर पडायला दार एकच. ब्रिटनमध्ये २०२० साली पशुवैद्यकांकडच्या नोंदींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उष्माघात झालेल्या बहुसंख्य कुत्र्यांना तो बंद मोटारीत बसून झालेला नव्हता, तर पळण्या-खेळण्याने झालेला होता. म्हणून हवेचं तापमान १५ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की मी अंतर निम्मं करते, आणि हवा दमट असेल तर त्याच्याही आधी. दमट हवेत धापा टाकूनही गरमी निघत नाही. गार हवेला सरावलेल्या कुत्र्याला जे अंतर सोपं असतं तेच उष्ण दिवशी जिवावर बेतू शकतं, आणि भिंगरीसारखी उत्साही कुत्री स्वतःहून थांबणार नाही.

पण ती आधी सांगते. जिभेचं टोक रुंद होऊन पळीसारखं वळतं, चाल विस्कटते, ती सावलीच्या कडेने जायला बघते. आणि या सगळ्याच्याही आधी दोरीतली ओढ कमी होते. पुन्हा तीच सैल दोरी. दमलेलं कुत्रं दोरीतून बोलतं आणि तू ब्रेकवर बोट ठेवून असलीस तर ते तुला हाताला कळतं. तेव्हा ‘चल चल’ करायचं नाही. उतरायचं आणि चालत परत यायचं. पाय लटपटले, हिरड्या लालभडक झाल्या किंवा उलटी झाली तर जिथे असशील तिथेच तिला मिळेल त्या पाण्याने भिजवायला लाग, वारा घाल आणि मग पशुवैद्यांकडे ने. आधी गार करायचं, मग न्यायचं. ओलं फडकं पांघरून ठेवू नकोस, ते काही मिनिटांत गरम होऊन उष्णता कोंडतं. पोटभर जेवण फेरीच्या चार तास आधी संपलेलं असावं, नाहीतर पोट फुगून पीळ पडण्याची भीती असते. पाणी दोन तास आधी भरपूर, त्यात थोडं मटणाचं पाणी मिसळलं की आवडीने पितात. फेरीनंतर लगेच पाण्याचं भांडं पुढे सारू नकोस, धाप जरा कमी झाली की घोट घोट.

तर तुझ्या फेरीनंतर अर्ध्या तासाने भिंगरीने पुन्हा साडेचार किलोमीटर पळायचं, हे नाही. स्पष्ट नाही. अर्ध्या तासात तिची धाप थांबेल, पण आतली गरमी आणि दमलेले स्नायू तसेच असतील. वर दुसऱ्या फेरीला तिला माणूस आणि खुर्ची असं जास्त वजन, पॅडलची मदत नाही. एका दिवशी एक कुत्रं, एक फेरी. तू किंवा दादा. हे भांडण तुम्ही घरात मिटवा, मी त्यात पडत नाही.

दादा उतरणार असेल तर त्याच्याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण ‘एकदा पडलीस तर एवढं काय’ हे त्याच्या बाबतीत खरं नाही. त्याला नाही म्हणायला मी कोण! पण त्याची रोजची खुर्ची नाही म्हणते. तिची पुढची दोन छोटी चाकं बघ. फरशीवर ती झकास फिरतात. वेगात ती थरथरायला लागतात, डावी-उजवीकडे फडफडतात, आणि मुठीएवढ्या मुळाला किंवा खड्ड्याला अडली की खुर्ची तिथेच थांबते. माणूस आणि कुत्रं थांबत नाहीत. शिवाय रोजच्या खुर्चीला चालता चालता लावायचा ब्रेकच नसतो. चाकाला लागणारी ती खुट्टी उभ्या खुर्चीला जागेवर ठेवायला असते. धावत्या खुर्चीला ती लावली तर एका बाजूचं चाक आधी धरतं आणि खुर्ची गरकन फिरते. उरली मोठ्या चाकाला लागून असलेली, हाताने फिरवायची गोल कडी. ताशी १५ किलोमीटरला ती तळव्यांनी धरून बघ असं मी कुणालाही सांगणार नाही. कातडी सोलून निघते.

मग काय हवं? खुर्चीच्या पुढे जोडायचं एक मोठं चाक मिळतं, ते लावलं की छोटी चाकं जमिनीवरून उचलली जातात. निम्मा प्रश्न तिथे सुटतो. उरलेला निम्मा म्हणजे ब्रेक. हाताने पॅडल मारायची तीनचाकी जोडणी असेल तर तिला डिस्क ब्रेक असतो, आणि दादा पॅडलने भिंगरीला चढावर मदतही करू शकतो. किंवा सरळ बुटकी, रुंद, तीन वा चार चाकांची बसायची गाडी, जिचं वजन खाली असतं. विजेची खुर्ची मात्र या कामाला नको. मोटर आपल्या वेगाने ढकलत राहते, दोरी सैल पडते आणि खुर्ची कुत्र्याच्या पायांवर जाते. दोरी फ्रेमला, मधोमध आणि खाली बांधायची. हातटेकूला नाही आणि पाय ठेवायच्या पट्ट्यांना तर मुळीच नाही, त्या निघून येण्यासाठीच बनवलेल्या असतात. वर बांधली तर खुर्ची तोंडावर पडते, एका बाजूला बांधली तर सारखी त्या बाजूला वळते.

खेचताच कुत्र्याची दोरी सोडून देणारी कडी दादाच्या चांगल्या हाताशी हवी. सायकलवर मी या कडीबद्दल फार आग्रही नसते, कारण दोरी फरफटत मोकळं सुटलेलं कुत्रं रस्त्यावर गेलं तर काय, ही भीती असते. खुर्चीत ती हवीच. पण दादाला एक गोष्ट पढवून ठेव. कडी म्हणजे ब्रेक नव्हे. उतारावर कुत्रं सोडलं तरी खुर्ची धावतच राहते. आधी ब्रेक, मग कडी.

पायांना संवेदना नसेल तर ते पट्ट्याने बांध. एक पाय घसरून चाकाखाली गेला तर त्याला कळणारही नाही. फेरीनंतर तळवे, घोटे, मांड्या, बैठक डोळ्यांनी बघायची, लाल डाग राहिला असेल तर पुढचे काही दिवस सुट्टी. कमरेचा पट्टा लावावा की नाही यावर या खेळातल्या माणसांचं एकमत नाही. लावला तर खुर्ची उलटली की माणूसही तिच्याबरोबर, नाही लावला तर माणूस फेकला जातो. कमरेवर तोल धरता येत नसेल तर लावावा असं मला वाटतं, एका हाताने सुटणारा. पण हा प्रश्न त्याच्या फिजिओथेरपिस्टला विचारा, त्यांना त्याचं शरीर माहीत आहे. मणक्याची इजा छातीच्या वरच्या भागात असेल तर आणखी एक गोष्ट. अशा वेळी इजेच्या खालच्या भागाला घाम येत नाही आणि शरीर नीट गार होत नाही. म्हणजे भिंगरीइतकीच दादाचीही काळजी घ्यायची. सावली आणि पाण्याचा फवारा दोघांसाठी ठेव.

सुरुवात रुंद, सपाट, गवताच्या वाटेवर कर. वाट एका बाजूला कललेली नको, तिथे खुर्ची खालच्या बाजूला ओढत जाते. तू मागून सायकलने ये, पुढून नको. पुढे गेलीस तर भिंगरी तुला पकडायला सुसाट सुटेल. दोन महिन्यांत हे सगळं जमेल का? गाडी आणि ब्रेक आजच हाताशी असतील तर कदाचित. नसतील तर दादाने या वेळी वाट बघून यावं आणि पुढच्या वेळी उतरावं. हे त्याला माझ्या नावावर सांग, तुझ्यावर चिडणार नाही.

स्पर्धेत बहुधा एकेकाला ठरावीक अंतराने सोडतात, ते बरंच आहे. खरी कसोटी ओलांडताना. मागून येणाऱ्याने बऱ्याच आधी हाक द्यायची. पुढच्याने वेग कमी करून एका कडेला व्हायचं आणि आपलं कुत्रं त्या बाजूला घ्यायचं. वेग कमी झाला की काय होणार ते आता तुला माहीत आहे, म्हणून इथेही ब्रेक लावून, दोरी ताठ ठेवून. ओलांडून झाल्यावर लगेच रेंगाळू नकोस, मागचं कुत्रं तुझ्या चाकाला येऊन भिडेल. वाट अरुंद असेल तर ओलांडूच नकोस. दहा सेकंद गेले तर गेले. भिंगरी माजावर असेल तर आयोजकांना आधीच विचार, बऱ्याच ठिकाणी उतरू देत नाहीत. वयाची अडचण नाही. सायकलला जुंपायला साधारण दीड वर्ष पूर्ण हवं म्हणतात, हाडं भरलेली असतात तोवर. तरी एकदा पशुवैद्यांकडून हृदय आणि खुबे तपासून घे. वाट आदल्या दिवशी पायी चालून ये. डांबर, खडी आणि काचा कुठे आहेत ते बघ, आणि परतताना तिचे तळवे एकेक उघडून बोटांच्या मधे बघ.

आईचं राहिलं. तिला वाद घालून पटवू नकोस. स्पर्धेच्या रेषेवर तू सायकलवर बसलेली असतेस, दोन्ही ब्रेक दाबून, आणि समोर भिंगरी उड्या मारत असते. तिथे तिला हार्नेसला धरून शांत उभं करायला आणि ‘सोड’ म्हटल्यावरच सोडायला एक माणूस लागतं. जिला भिंगरी ऐकते असं. तुमच्या घरात ते कोण आहे मला माहीत नाही, पण मला अंदाज आहे. तिला सरावालाच घेऊन जा.

आणि मनगट. ब्रेकची मूठ पूर्ण दाबून मनात वीस आकडे मोज. वीस व्हायच्या आत कळ आली तर त्या आठवड्यात चाकाला भिंगरी जोडायची नाही, दोघींनी पायीच जायचं.